फोन रीसेट केला, आता तो माझाच जुना गूगल पासवर्ड मागतोय. बहिणीला कसा देऊ?

तोच जुना आयडी-पासवर्ड एकदा टाका, फोन सुरू करा आणि मग सेटिंग्जमधून पुन्हा रीसेट करा. तुम्ही बहुधा पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून, रिकव्हरी मेनूतून रीसेट केलंत. अँड्रॉइड 5.1 पासून असलेलं चोरीविरोधी कुलूप त्यामुळे लागतं. फोनला मालक आणि चोर यांतला फरक कळत नाही. यावेळी आधी सेटिंग्जच्या 'खाती' विभागात जाऊन गूगल खातं काढा, मगच रीसेट. सॅमसंगचा फोन असेल तर सॅमसंग खातंही काढा, ते कुलूप वेगळं असतं. मात्र गूगल पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेटआधी 24 तास थांबा. आणि मेमरी कार्ड काढून घ्या हो, साध्या रीसेटने त्यातले फोटो सहसा पुसले जात नाहीत.