व्हायलवरचं वजन आणि कामाचे रेणू

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं) अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हाती आलं, आता कधी एकदा इलास्टेज या तशाच एका एन्झाइमवर लावून बघते असं तुला झालं असेल. जरा दम धर. व्हायलवर, म्हणजे कुपीवर, लिहिलेलं वजन प्रथिनाचं आहे. त्यातले किती रेणू कामाचे, हे तुलाच मोजावं लागेल.

हे सर्पिन कुळातलं प्रथिन. प्रोटिएज (प्रथिन तोडणारं एन्झाइम) त्याच्या ३५८व्या अमिनो आम्लापाशी, मेथिओनिनपाशी, साखळी तोडायला जातं आणि तिथेच सहसंयुज बंधाने जखडतं. मग सर्पिन आपला आकार बदलून त्याला पार दुसऱ्या टोकाला फेकतं. हिशोब एकास एक, आणि रेणू एकदाच वापरायचा. तेच मेथिओनिन ऑक्सिडाइझ झालं तर इलास्टेजवरची पकड ढिली पडते. उष्णता लागली तर रेणू एकमेकांत गुंतून पॉलिमर बनतात. (या प्रथिनाच्या जनुकात झेड नावाचं उत्परिवर्तन असलेल्या माणसाच्या यकृतात असेच पॉलिमर साठतात.) दोन्ही वेळा नॅनोड्रॉपवर, म्हणजे प्रथिनाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा मात्र झकास येतो.

म्हणून आधी ट्रिप्सिन या दुसऱ्या प्रोटिएजवर टायट्रेशन कर, म्हणजे किती इनहिबिटरने (आपल्या अँटिट्रिप्सिनने) ते पूर्ण बंद पडतं ते मोज. ट्रिप्सिन स्वतःलाच पचवत असतं, तेव्हा त्याचीही सक्रियता एनपीजीबी या रसायनाने तपासून घे. बफरमध्ये पीएमएसएफ किंवा इनहिबिटर कॉकटेल नको, ती ट्रिप्सिनला परस्पर बंद पाडतात. ट्रिप्सिन तेवढंच ठेवून इनहिबिटर वाढवत ने, दोघांना पुरेसा वेळ एकत्र राहू दे, मगच सबस्ट्रेट (ट्रिप्सिन ज्याला तोडतं तो पदार्थ) घाल.

सोबत प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं एसडीएस जेल चालवच. उकळूनही न सुटलेल्या ट्रिप्सिन-इनहिबिटर जोडीचा बँड (पट्टा) वर दिसेल. मूळ बँडच्या किंचित खाली आणखी एक दिसला, तर तो तुटलेला, वाया गेलेला इनहिबिटर. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं प्रथिन साखरेविना असतं, त्यामुळे ते रक्तातल्या प्रथिनासारखं ५२ ऐवजी साधारण ४५ किलोडाल्टनपाशी धावेल. त्याला घाबरू नकोस.

बँड नीट बघण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना काही रुग्णांच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेने रक्तातली प्रथिनं वेगळी करण्याच्या चाचणीत) अल्फा-१ चा पट्टाच दिसेना, आणि त्यांनी तिकडे काणाडोळा केला नाही. फुप्फुसांचा एक आनुवंशिक आजार त्यातून उलगडला.

व्हायल उघडलीस की लगेच छोटे ॲलिकॉट (एकदा वापरण्यापुरते वाटे) करून −८० अंशांवर ठेव. उरलेलं परत गोठवू नकोस, जिवावर आलं तरी टाकून दे. लॉट बदलला की टायट्रेशन पुन्हा, आणि वहीत सक्रिय संहतीच लिही. जेल झालं की फोटो पाठव, दोघं मिळून बघू.