आफ्रिकेत मोठे वीजप्रकल्प उभारले तर औद्योगिक विकास आपोआप होईल का?

आपल्या प्रश्नातील ‘आपोआप’ हा शब्द मला खटकतो. तो का खटकतो, हे घानातील आकोसोम्बो धरणाच्या उदाहरणावरून सांगतो.

व्होल्टा नदीवरील हे धरण 1965 मध्ये पूर्ण झाले. जानेवारी 1966 मध्ये अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी त्याचे उद्घाटन केले आणि पुढच्याच महिन्यात लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. घानाच्या भूमीत बॉक्साइट आहे. धरणाच्या विजेवर त्याचे अ‍ॅल्युमिनियम करावे आणि त्यातून देशात उद्योग उभे राहावेत, अशी त्यांची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात भांडवलासाठी अमेरिकेच्या कैसर कंपनीशी करार करावा लागला आणि तेमा बंदराजवळील व्हाल्को हा अ‍ॅल्युमिनियम कारखाना परदेशातून आणलेल्या अ‍ॅल्युमिनावर (बॉक्साइट शुद्ध करून मिळणाऱ्या पुडीवर) चालू लागला. धरणाची निम्म्याहून अधिक वीज दीर्घ मुदतीच्या करारानुसार अत्यंत स्वस्तात या एकट्या कारखान्याकडे जाऊ लागली. नदी घानाची, बुडालेली जमीन घानाची, विस्थापित झालेले सुमारे 80,000 लोकही घानाचेच. पण घानाच्या बॉक्साइटला या साखळीत जागा नव्हती! सरकारने 1985 मध्ये फेरवाटाघाटी करून दर बराच वाढवून घेतला, तोवर जवळजवळ दोन दशके उलटली होती.

म्हणून धरण फसले, असे मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण घानातील शहरांना त्याने अनेक वर्षे स्वस्त वीज दिली आणि टोगो व बेनिनलाही ती विकता आली. कांगोतील चित्र याहून विषम आहे: कांगो नदीवरील इंगा धरणांची वीज 1982 पासून सुमारे 1,700 किलोमीटर लांबीच्या वाहिनीने देशाच्या आग्नेयेकडील कटांगा भागातल्या तांब्याच्या खाणींकडे नेली जाते आणि त्या तारांखालची अनेक गावे अंधारातच राहिली.

त्यामुळे प्रकल्प किती मेगावॅटचा आहे, यापेक्षा त्या विजेवर पहिला हक्क कोणाचा आणि कोणत्या दराने, हे मी आधी पाहतो. अर्थात करार घाईत केले तर स्वतःच्या गरजेसाठी उभारलेली वीजही अंगावर येते. 2012 नंतर घानात भारनियमन इतके वाढले की त्याला ‘दुमसोर’ हे स्वतंत्र नाव पडले. तेव्हा सरकारने खासगी वीजकेंद्रांशी भराभर करार केले. 2019 पर्यंत स्थापित क्षमता सुमारे 5,000 मेगावॅट झाली होती, तर कमाल मागणी 2,700 मेगावॅटच्या आसपास होती, आणि न वापरलेल्या विजेचेही पैसे सरकारला मोजावे लागत होते.