चाऊ हांग-तुंग यांच्या सुटकेसाठी पत्र लिहायचं तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी मेलबर्नला शिकते, तिच्या विद्यापीठात हाँगकाँगच्या तुरुंगात असलेल्या चाऊ हांग-तुंग या वकीलबाईंच्या सुटकेसाठी सह्या गोळा करताहेत. तिने सही करावी का? आणि तुम्ही पुण्यातून पत्र धाडायचं म्हणता, तर त्यात काय लिहावं? सहीचं शेवटी सांगतो, त्यात एक मेख आहे. आधी पत्र.

तुमच्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य, 'या तरुण स्त्रीवर दया करावी', खोडा. हे अनुभवातून सांगतोय. कॉलेजात असताना मी परदेशातल्या एका कैद्यासाठी असंच गहिवरलेलं पत्र लिहिलं होतं. वय झालंय, तब्येत बरी नाही, माफ करा वगैरे. दोन महिन्यांनी आमच्या गटाकडे निरोप आला की त्या माणसाने माफीच्या कागदावर सही करायला तीनदा नकार दिलाय, आणि त्याच्या वतीने आम्हीच नाक घासत होतो. तेव्हापासून पत्र लिहिण्यापूर्वी मी एक गोष्ट तपासतो: आत बसलेला माणूस स्वतः काय मागतोय? (दयेचा अर्ज म्हटलं की मराठीत कुठलं रण माजतं हे ठाऊक आहे. कृपा करून धागा तिकडे नेऊ नका.)

चाऊ (हे आडनाव, नाव हांग-तुंग) काय मागतात ते बघा. जन्म १९८५चा. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकल्या, भूभौतिकीची पीएचडी अर्ध्यात सोडून कामगारांच्या कामात पडल्या, मग कायदा शिकून २०१६ साली बॅरिस्टर झाल्या. आपल्याकडच्या आईबापांनी कपाळाला हात लावला असता. ४ जून १९८९ला बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकाच्या परिसरात लष्कराने निदर्शकांवर गोळ्या चालवल्या. त्यांच्या स्मरणार्थ हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १९९० ते २०१९ दरवर्षी मेणबत्त्या लागायच्या. २०१९ला तिथे एक लाख ऐंशी हजारांवर माणसं होती असं आयोजक सांगतात. हे भरवणाऱ्या 'हाँगकाँग अलायन्स'च्या चाऊ उपाध्यक्ष होत्या.

२०२०मध्ये कोविडचं कारण देऊन परवानगी नाकारली गेली, आणि ३० जून २०२०च्या रात्री बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. पुढच्या वर्षी चाऊंनी लेख लिहिला, मेणबत्ती लावणं हा गुन्हा नाही अशा अर्थाचा. त्यावरून १५ महिन्यांची शिक्षा. आदल्या वर्षीच्या मेणबत्त्यांसाठी १२ महिने. दोन्ही मिळून प्रत्यक्षात २२ महिने. त्या ८ सप्टेंबर २०२१ला पकडल्या गेल्या त्या मात्र पोलिसांना संस्थेची माहिती द्यायला नकार दिल्यामुळे, आणि तेव्हापासून जामीन नाही.

त्या माहितीच्या खटल्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पत्रात त्याचाच उपयोग आहे. पोलिसांचं म्हणणं होतं की अलायन्स ही परकीय हस्तक आहे. कुणाची हस्तक? तर ते गुप्त. कोर्टात दिलेल्या कागदांवर नेमक्या त्याच जागी काळं फासलेलं. चाऊ म्हणाल्या, तुम्ही मला कुणाचा हस्तक म्हणता हेच मला कळू देत नसाल तर मी बचाव कशाचा करू? खालच्या कोर्टाने साडेचार महिने ठोठावले. मार्च २०२५मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली, खटला न्याय्य झालाच नाही म्हणून. तोवर साडेचार महिने भोगून झाले होते.

तरी त्या बाहेर आल्या नाहीत, कारण मुख्य आरोप वेगळाच आहे: 'राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी'. जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं. संस्थेच्या उद्दिष्टांमध्ये 'एकपक्षीय हुकूमशाही संपवा' हे एक होतं, त्यावर सरकारी पक्षाची सगळी भिस्त. हे वाक्य संस्था तीस वर्षं उघड उच्चारत होती. खटला उभा राहायला जानेवारी २०२६ उजाडला. ज्यूरी नाही, सरकारने यासाठी नेमलेले तीन न्यायाधीश. सहआरोपी अल्बर्ट हो यांनी गुन्हा कबूल केला. चाऊ आणि तिसरे आरोपी ली च्यूक-यान यांनी नाही केला. कबुली दिली तर शिक्षेत सूट मिळते हे वकिलाला कुणी सांगायला नको. आता अशा बाईसाठी तुम्ही दया मागणार?

त्या सुरक्षा कायद्यातलं जामिनाचं कलम ४२ वाचाल तर आपला दहशतवादविरोधी यूएपीए कायदा आठवेल. आपल्याकडे कलम ४३ड(५)मध्ये आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. तिकडे न्यायाधीशाची खात्री पटावी लागते की हा माणूस पुढेही राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोचवणार नाही. म्हणजे मागे काय केलं याहून पुढे काय कराल यावर जामीन ठरणार, आणि जी बाई कोर्टात उभी राहून म्हणते की मी केलं ते योग्यच होतं, तिला तो कधी मिळणार?

म्हणून पत्र असं लिहा. ते हाँगकाँगच्या न्यायसचिवांना पाठवा, तिथल्या सरकारच्या प्रमुखांना, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना नको. बेसिक लॉ म्हणजे हाँगकाँगची छोटी राज्यघटनाच; तिच्या कलम ६३प्रमाणे फौजदारी खटले चालवणं न मागे घेणं हे न्याय खात्याच्या हातात आहे, ज्याच्या हातात किल्ली त्याच्याकडेच मागावं. मागणी एकच: आरोप मागे घ्या आणि त्यांना विनाअट सोडा. 'खटला निष्पक्ष चालवा' असं लिहू नका, कारण आम्ही तेच तर करतोय असं उत्तर छापील तयार असतं. कारणं दोन पुरेत: संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाने २०२३मध्ये त्यांची कैद मनमानी ठरवली, आणि हाँगकाँगच्याच सर्वोच्च कोर्टाने २०२५मध्ये एक शिक्षा रद्द केली. एक पान, सभ्य भाषा, तारखा अचूक. एखादी तारीख चुकली की उत्तर फक्त त्या चुकीवर येतं.

चाऊंनाच दोन ओळी पाठवायच्या असतील तर राजकारण लिहू नका, पत्र आधी तुरुंगाचे अधिकारी वाचतात. पुण्याचा पाऊस लिहा, टेकडीवर काय फुललंय ते लिहा. बाई आत बसूनही स्वस्थ नाहीत बरं का. महिला कैद्यांना उन्हाळ्यात दिवसा लांब पँटच घालावी लागते, पुरुषांना अर्धी चालते, यावरही त्यांनी कोर्टात दाद मागितली. मला त्यांच्याविषयीच्या सगळ्या माहितीत ही गोष्ट सर्वात आवडते.

आता सहीची मेख. सुरक्षा कायद्याचं कलम ३८ जगात कुठेही, कुणीही केलेल्या कृतीला लागू होतं, हाँगकाँगचा रहिवासी असायची अट नाही. आणि कलम २९नुसार परदेशी सरकारांना हाँगकाँग किंवा चीनवर निर्बंध घालायला सांगणं हा गुन्हा आहे. म्हणून त्या सह्यांच्या कागदात नुसती सुटकेची मागणी आहे, की खाली कुठे अमुक अधिकाऱ्यांवर निर्बंध घाला असंही आहे, ते मुलीला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सांगा. मोहिमा चालवणारे दोन्ही एकत्र बांधतात, आणि माझं त्यांच्याशी यावरून नेहमी वाजतं. हाँगकाँगने २०२४मध्ये स्वतःचा वेगळा सुरक्षा अध्यादेश केला; त्याखाली मे २०२४मध्ये पहिल्यांदा धरपकड झाली ती चाऊंच्या फेसबुक पानावरच्या मजकुरावरून, सहा जणांची, त्यात तुरुंगात असलेल्या चाऊही होत्या. नुसत्या सुटकेच्या मागणीवर मुलीने खुशाल सही करावी, माझीही असल्या कागदांवर आहे. निर्बंधांचं कलम असेल तर तिने ते वगळून स्वतःच्या शब्दांत मेलबर्नच्या खासदाराला लिहावं.

मसुदा सुधारून इथेच टाका, तारखा मी तपासून देतो. आणि दिवाळीला मुलगी येणार म्हणालात, तिचं विमान हाँगकाँगवरून आहे का सिंगापूरवरून, तेवढं कळवा.