आतला डबा बाहेर कसा येतो?

पुणे

अनेक आशीर्वाद.

नागपूरचं प्रशिक्षण आटोपून तू पेटंट परीक्षक म्हणून रुजू झालीस आणि पहिल्याच फायलींमध्ये दाट साठवणुकीच्या स्वयंचलित गोदामांचे अर्ज आले, हे ऐकून फार बरं वाटलं. मी निवृत्त होईपर्यंत याच विषयात सगळ्यात जास्त रमलो. तू फोनवर विचारलंस, "काका, सर्च कुठून सुरू करू?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

सर्च, म्हणजे असंच काही आधी कोणी केलं आहे का याची शोधाशोध, लगेच सुरू करू नकोस. आधी कोरा कागद घे आणि त्यावर एकच प्रश्न लिही: या मांडणीत सगळ्यात आत किंवा सगळ्यात खाली ठेवलेला डबा बाहेर कसा येतो, आणि तो येईपर्यंत कोणाकोणाला थांबावं लागतं? या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक शोध म्हणजे या प्रश्नाचं उत्तर असतं. माल जितका दाटीने ठेवावा तितकी जागा वाचते, पण हव्या त्या वस्तूपर्यंत पोचणं तितकंच अवघड होतं. आपल्या पेठांमधल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आतली गाडी काढायला बाहेरच्या तीन हलवाव्या लागतात, तसंच. अर्जदार या अडचणीतला नेमका कोणता तुकडा सोडवतो आहे हे कळलं की निम्मं परीक्षण झालं. ते न कळता डेटाबेस उघडलास, तर शंभर कागद हाती लागतील आणि त्यातला कोणता महत्त्वाचा हेच ठरवता येणार नाही.

गोदामं दाट कशी होत गेली ते मनात क्रमाने मांडून ठेव. आधी दोन रॅकच्या मधल्या गल्लीत उभी धावणारी स्टॅकर क्रेन आली. तिच्यासमोर प्रत्येक पॅलेट, म्हणजे माल रचलेली फळ्यांची बैठक, थेट हाताशी असतं, पण गल्ली जागा खाते. मग एकामागे एक दोन पॅलेट ठेवायची पद्धत आली. मग रॅकच्या खोल लेनमध्ये शिरणारं शटल, म्हणजे पॅलेट वाहणारी बुटकी गाडी. आणि शेवटी गल्ली पूर्णच काढून टाकून डब्यांवर डबे रचलेली जाळी, जिच्या माथ्यावर रोबो फिरतात. प्रत्येक पायरीवर जागा वाचली आणि त्या बदल्यात काहीतरी द्यावं लागलं. ते काय द्यावं लागलं, तिथेच पुढचा शोध सापडतो.

तू कॉलेजात असताना आपण चाकणला सुट्या भागांच्या एका गोदामात गेलो होतो. शटल पॅलेटखाली शिरलं, त्याने ते दोन बोटं उचललं आणि लेनच्या आत नेऊन ठेवलं. तुला ते इतकं आवडलं की तू मोबाईलवर शूटिंग करत होतीस. थोड्या वेळाने त्याच लेनमधलं तिसरं पॅलेट हवं असा निरोप आला. फोर्कलिफ्टवाल्याने पुढची दोन पॅलेट काढून गल्लीत टेकवली, तिसरं नेलं, आणि तोपर्यंत मागची फोर्कलिफ्ट हॉर्न वाजवत उभी राहिली. परीक्षकाने बघायचं असतं ते हे दुसरं दृश्य. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, पहिलं दृश्य मोठ्या हौसेने लिहिलेलं असतं. दुसऱ्याबद्दल एखादंच वाक्य असतं, बहुतेकदा पार्श्वभूमीच्या परिच्छेदात, आणि शोधाचा खरा धागा तिथे असतो.

आता जाळीच्या प्रकाराकडे वळतो, कारण तुझ्याकडे तेच अर्ज जास्त येतील. डबे एकमेकांवर रचून दाट साठवायची आणि वरून उचलायची कल्पना नवी नाही. बर्टेल यांचं अमेरिकन पेटंट क्रमांक २७०१०६५ हे १९५५ चं आहे, आणि त्यातही डब्यांच्या चळती आहेत. पुढे नॉर्वेच्या ऑटोस्टोअर कंपनीने उभ्या खांबांची चौकट, तिच्या माथ्यावर आडव्या-उभ्या रुळांची जाळी आणि त्यावर स्वतंत्र फिरणारे रोबो अशी पद्धत रुळवली. खालचा डबा हवा असेल तर रोबो वरचे डबे एकेक काढून शेजारच्या चळतींवर ठेवतो, हवा तो घेतो, आणि बाकीचे परत जागेवर येतात. जास्त खपाचा माल आपोआप वरच्या थरांत राहतो, म्हणून एवढी खोदाखोद परवडते.

आता रोबोकडे बघ. या जाळीवरच्या सुरुवातीच्या रोबोंमध्ये डबा उचलणारा भाग शरीराबाहेर एका बाजूला झुकलेला असे. त्यामुळे एक रोबो दोन चळतींची जागा अडवायचा. दोन रोबो शेजारून जायचे तर तेवढी मोकळी जागा हवी, म्हणजे जाळीवर रोबोंची संख्या मर्यादित, म्हणजे तासाला निघणारे डबेही मर्यादित. डबा रोबोच्या पोटात घेतला तर रोबो एकाच चौकोनात मावतो. इथे घाईने "डबा बाजूला होता तो मध्ये आणला, यात काय विशेष?" असं लिहून मोकळी होऊ नकोस. पोटात डबा आला की मोटारी कुठे बसवायच्या? रुळांवर दिशा बदलायला चाकांचे दोन संच लागतात, एक खाली टेकतो तेव्हा दुसरा वर उचलला जातो. ती उचलायची यंत्रणा त्या पातळ भिंतींत कशी मावणार? झुकलेल्या रोबोत शरीराचं वजन डब्याला तोलून धरत होतं, त्याचं काय? क्लेम म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क मागतो ते वाक्य. या प्रश्नांची उत्तरं असलेला क्लेम आणि "एकाच चौकोनात मावणारा रोबो" एवढंच म्हणणारा क्लेम, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात फक्त हवा असलेला परिणाम मागितला आहे. पेटंट कायद्याच्या कलम १० नुसार क्लेम स्पष्ट हवा आणि स्पेसिफिकेशनमध्ये जे उघड केलं त्यावर रास्तपणे आधारलेला हवा. अशा वेळी हा आक्षेप ठामपणे घे.

कलम ३(एफ) या फायलींमध्ये सारखं पुढे येईल. माहीत असलेल्या आणि आपापलं काम स्वतंत्रपणे, माहीत असलेल्या पद्धतीनेच करणाऱ्या उपकरणांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी म्हणजे शोध नव्हे, असं ते सांगतं. शटल, लिफ्ट, कन्व्हेयर, बारकोड स्कॅनर, सगळं ओळखीचं. त्यामुळे हा आक्षेप हाताशी तयारच असतो. तो लिहिण्याआधी एक भाग मनातल्या मनात काढून टाक. लिफ्ट काढली तर शटलच्या कामात काय बदलतं? फक्त माल वर-खाली जायचा थांबला आणि शटल पूर्वीसारखंच चालत राहिलं, तर आक्षेप योग्य आहे. पण समज, शटल लिफ्टमध्ये असतानाच चार्ज होतं, म्हणून त्याची बॅटरी लहान, म्हणून उंची कमी, म्हणून त्याच इमारतीत आणखी एक मजला बसतो, तर ते भाग आता एकमेकांवर अवलंबून आहेत. मग ३(एफ) चालणार नाही. चर्चा इन्व्हेंटिव्ह स्टेपची करावी लागेल, आणि ती कलम २(१)(जेए) च्या शब्दांत: तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि शिवाय त्या कामातल्या जाणकाराला सहज न सुचणारं.

तो जाणकार कोण हे ठरवताना मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा खटला मूळ निकालासकट वाच. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. लेथवर भांडं घट्ट धरून ठेवायच्या सुधारणेचं पेटंट होतं आणि ते टिकलं नाही, कारण न्यायालयाच्या मते ती कारखान्यातली नेहमीची सुधारणा होती. गोदामांच्या अर्जांत तुला अशा सुधारणा खूप दिसतील: चाकाला जाड रबर, सेन्सरची जागा बदललेली, रॅकला एक जादा कंस. भोसरीतला अनुभवी फिटर ज्या गोष्टी सकाळच्या चहाआधी करून टाकतो त्या पेटंटसाठी पुरत नाहीत. मात्र उलट बाजूही तितक्याच काळजीने बघ. अर्ज वाचून झाला की सगळंच सोपं वाटायला लागतं. डी१ आणि डी२, म्हणजे सर्चमध्ये सापडलेले जुने कागद, यांतल्या पहिल्यातून रोबो आणि दुसऱ्यातून लिफ्ट घेऊन जोडलीस, तर अहवालात हेही लिही की तो जाणकार ती का जोडेल. डी१ मध्ये ती अडचण मुळात जाणवलेलीच नसेल, तर जोडायचं कारण अर्ज वाचल्यामुळे तुझ्याच मनात आलेलं असतं.

व्यवसायाच्या पद्धती, अल्गोरिदम आणि नुसते संगणक प्रोग्राम यांना शोध न मानणाऱ्या कलम ३(के) बद्दल थोडक्यात. "कोणता माल कुठे ठेवायचा हे खपावरून ठरवणारा प्रोसेसर" असा क्लेम बहुतेक वेळा व्यवसायाची पद्धत किंवा अल्गोरिदम असतो. पण रोबोंची टक्कर टाळणारं, वेग आणि ब्रेक ठरवणारं, यंत्राच्या हालचालीत खराखुरा फरक पाडणारं नियंत्रण असेल तर केवळ सॉफ्टवेअर आहे म्हणून नाकारू नकोस. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तांत्रिक परिणामाकडे बघायला सांगितलं, ते लक्षात ठेव.

आता सर्च. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बी६५जी १/०४ आणि १/१३७ ही तुझी मुख्य घरं. नुसत्या शब्दांवर विसंबू नकोस. एकच रोबो एका कंपनीच्या कागदात "लोड हँडलिंग डिव्हाइस" असतो, दुसरीच्या कागदात "कंटेनर हँडलिंग व्हेइकल". जपानी, जर्मन, चिनी कागद मजकुरावरून सापडायला वेळ लागतो, म्हणून वर्गीकरण लावून आधी आकृत्या चाळ. सापडलेल्या कागदातला परिच्छेद आणि आकृतीचा क्रमांक प्रत्येक वैशिष्ट्यासमोर लिही. "डी१ मध्ये हे सर्व आहे" एवढंच लिहिलेला अहवाल अर्जदारावर अन्याय करतो. त्याला उत्तरासाठी सहा महिने असतात, आणि तू काय म्हणतेस हे समजून घेण्यातच त्यातले दोन जाऊ नयेत.

तू कितीही नीट शोधलंस तरी काही गोष्टी फायलीत दिसणारच नाहीत. ऑटोस्टोअर आणि ब्रिटनची ऑनलाइन किराणा कंपनी ओकॅडो यांचं पेटंटांवरून भांडण २०२० मध्ये सुरू झालं. मार्च २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ऑटोस्टोअरची त्या खटल्यातली पेटंटं अवैध ठरवली. रोबोच्या पोटात डबा घेण्याची रचना अर्जाआधीच रशियाच्या मध्यवर्ती बँकेला, गोपनीयतेच्या बंधनाशिवाय कळलेली होती, हे त्यात निर्णायक ठरलं. त्याच वर्षी जुलैत तडजोड झाली आणि ऑटोस्टोअरने ओकॅडोला २० कोटी पौंड द्यायचं मान्य केलं. कोणत्याही परीक्षकाला ती गोष्ट डेटाबेसमधून मिळाली नसती. आपल्या कायद्यातही कलम १३(४) सांगतं की परीक्षण म्हणजे पेटंटच्या वैधतेची हमी नव्हे. त्यामुळे सर्चला अंत नाही असं वाटून महिनोन्महिने अडकून बसू नकोस. तुझा अहवाल साधारण एका महिन्यात आणि फार तर तीन महिन्यांत कंट्रोलरकडे, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायला हवा. मात्र ज्या प्रदर्शनात यंत्र चालवून दाखवलं त्याचे व्हिडिओ, कंपनीची माहितीपत्रकं, हे तपासायचं टाळू नकोस. अर्जाआधी स्वतःच सगळं उघड करून बसणारे उद्योजक आपल्याकडेही पुष्कळ आहेत, आणि त्यासाठीची सवलत मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. मोठ्या परदेशी कंपन्यांचे अर्ज सुबक असतात, प्रत्येक शब्द तोलून लिहिलेला. भोसरी, चाकण, रांजणगावच्या लहान उद्योजकाचा अर्ज तसा नसतो. इंग्रजी अडखळतं, क्लेममध्ये जाहिरातीची भाषा शिरते, मुख्य गोष्ट सातव्या पानावर एका आकृतीत दडलेली असते. ती आकृती शोधून काढ. दोघांना कायदा एकच लावायचा, त्यात सवलत नाही; पण नीट वाचलं जाणं हा त्याचाही हक्क आहे. कलम ५९ नुसार दुरुस्ती करताना त्याला नवा मजकूर घालता येत नाही, म्हणून जे त्याने आधीच उघड केलं आहे तेवढ्यावरच त्याचा क्लेम उभा राहू शकतो. तुझा आक्षेप नेमका असेल, तर क्लेम आकसून कुठे आणायचा हे त्याला त्या आक्षेपावरूनच कळतं. मोघम असेल तर तो घाबरून फाईल सोडून देतो. चांगल्या कल्पना अशा सुटलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचं वाईट वाटतं.

शेवटचं, कामाचं. तुझ्या हातातल्या फायली मला दाखवू नकोस आणि त्यांबद्दल फोनवरही बोलू नकोस. अर्ज अठरा महिन्यांनी प्रकाशित होईपर्यंत गुप्त असतो, आणि परीक्षकाचा अहवाल कलम १४४ खाली गोपनीय. मी आता बाहेरचा माणूस आहे. सराव करायचा तर जुनी, प्रकाशित झालेली पेटंटं भरपूर आहेत. पुढच्या वेळी पुण्याला येशील तेव्हा वर सांगितलेलं बर्टेल यांचं पेटंट आणि ऑटोस्टोअरचं युरोपियन पेटंट १०३७८२८ घेऊन ये. दुसऱ्याचा पहिला क्लेम पहिल्यासमोर ठेवून आपण एकेक वैशिष्ट्य जुळवून बघू. आकृत्यांची पानं मात्र मोठ्या आकारात छापून आण, लहान छपाईत चाकं नीट दिसत नाहीत.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका