एसटीएम३२ वर लिनक्स टाकायच्या आधी
सगळ्यात आधी तुझ्या एसटीएम३२ चिपमधे (एसटी कंपनीची चिप-मालिका) एमएमयू, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला वेगळी मेमरी दाखवणारं युनिट, आहे का ते बघ, बाकीचं नंतर. एसटीएम३२एफ४२९ मधे कॉर्टेक्स-एम४ कोर आहे, एमएमयू नाही, तरी मेनलाइन (मूळ अधिकृत) लिनक्स २०१५ पासून त्यावर चालतं, पण तिथे फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढून नवी सुरू करणं) नाही, व्हीफोर्कवर (मेमरीची प्रत न काढणारा त्याचा प्रकार) भागवावं लागतं आणि त्याच्या डिस्कव्हरी बोर्डाची ८ एमबी रॅम बघता बघता संपते. शिकायला मस्त आहे, प्रॉडक्टसाठी मात्र तिथे सरळ आरटीओएस (ठरल्या वेळेत काम करणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) टाक. खरंच लिनक्स हवं असेल तर एसटीएम३२एमपी१५७ घे, त्यात कॉर्टेक्स-ए७ वर लिनक्स आणि शेजारच्या एम४ वर तुझा रिअल-टाइम कोड, तो लिनक्सच रिमोटप्रॉकने (दुसरा कोर सुरू करायची लिनक्समधली सोय) लोड करतं. आणि हो, कुठला पेरिफेरल (चिपमधला जोड-भाग) कोणत्या कोरकडे ते डिव्हाइस ट्रीमधे (हार्डवेअरचं वर्णन लिनक्सला देणारी फाइल) आधीच ठरव, एकच यूआर्ट (सीरियल पोर्ट) दोन्ही कोरना दिलास तर डीबग करताना पार वाट लागते.