खेड्यातल्या हायस्कूल शिक्षकांचा कोरोनाकाळातला शिकवण्याचा अनुभव कसा होता?

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कूलात गणित शिकवतो. पहिले काही महिने शिकवणं सोडून बाकी सगळं केलं. चेकपोस्टवर गाड्या अडवल्या, रेशन दुकानापुढची रांग लावली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त ऑक्सिमीटर घेऊन दारोदार हिंडलो.

दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 41 पैकी 17 नंबर, तेही बहुतेक बापाचे. बाप रानात, फोन त्याच्या खिशात. सकाळी टाकलेलं गणित मुलगा रात्री आठनंतर बघणार. एकदा उत्तर आलं, 'सर मी पप्पा बोलतोय, हे काय आहे?'

23 नोव्हेंबर 2020 ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचं ठरलं. नाकात काडी घालून घेतली, निगेटिव्ह रिपोर्ट खिशात, वर्ग झाडून तयार. पण आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या तोवर कोयत्यावर गेल्या होत्या. एरवी शाळा असते म्हणून पोरं आजीपाशी राहतात. त्या साली शाळाच नाही म्हटल्यावर आईबापानं सोबत नेली.

त्यातल्या एकानं कोल्हापूरकडच्या फडातून सोडवलेल्या गणिताचा फोटो पाठवला. वही उसाच्या मोळीवर ठेवलेली, कडेला वाढ्याचं पान आलेलं. वर्गसमीकरणाच्या सूत्रातलं पहिलंच उणे चिन्ह गाळलं होतं. मी फोटोवरच लाल गोल करून परत पाठवला. पुढे त्याचा फोन बंद.

एप्रिल 2021 मध्ये बोर्डाची परीक्षा रद्द झाली. सूत्र आलं: नववीचे 50, तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाचे 30. या पोरांची नववीची वार्षिक परीक्षाही 2020 साली कोरोनानंच खाल्लेली. आणि वर्षभरातलं मूल्यमापन कुठून आणायचं? घरी पाठवलेल्या प्रश्नपत्रिका, फोनवर विचारलेले चार प्रश्न, बाकी आमचा अंदाज. अंदाजाला आम्ही हात सैल सोडला, खोटं कशाला बोलू. 16 जुलैला राज्याचा निकाल लागला, 99.95 टक्के. कोणीतरी पेढे आणले. मी खाल्ला.

फडातला तो मुलगा गुणपत्रिका न्यायला आला. बराच वेळ कागद बघत उभा राहिला.

"सर, गणितात एवढे कसे पडले? माझं चिन्ह चुकलं होतं ना?"

"नंतर बरोबर करून पाठवलंस की," मी म्हणालो.

त्यानं काही पाठवलं नव्हतं.