मुलगी आमदारांच्या ऑफिसात रमली आहे, पुढे काय?

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. नाव छापू नका असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लेकीचं, कॉलेजचं आणि आमदारांचं, कुणाचंच नाव इथे येणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी हकिगत थोडक्यात सांगते. ताईंची मुलगी पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन टीवायबीएला आहे. दोन वर्षांपूर्वी आजीचा श्रावणबाळ योजनेचा (वृद्धांच्या सरकारी पेन्शनचा) अर्ज अडला म्हणून ती भागातल्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेली आणि तिथेच रमली. रोज संध्याकाळी लोकांचे अर्ज भरून देऊ लागली. गेल्या वर्षी संस्थेने कॉलेजचं उपनगरातलं संकुल बंद करायचं ठरवलं. वर्ग शहरातल्या इमारतीत हलवायचे आणि मोकळी होणारी जागा विकसकाला द्यायची. मुलांनी विरोध केला, आमदारांनी तो उचलून धरला, नागपूरच्या अधिवेशनात लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नावर मंत्र्यांचं उत्तर मागणारी सूचना) मांडली, मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. तूर्त संकुल चालू आहे. आता आमदारांनी मुलीला महिना 12,000 रुपयांवर पूर्णवेळ काम देऊ केलंय. ती बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडायचं म्हणतेय, कॉलेजात हजेरी घसरलीय, आणि आईच्या डोळ्याला डोळा नाही.

ताई, तुमच्या पत्रातल्या एका ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय. ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. “अभ्यास सोडून सिटी सर्व्हेच्या ऑफिसात चार खेपा घातल्या, कसला तरी उतारा काढायला.” तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वात महत्त्वाची वाटली ती हीच ओळ. म्हणून आधी त्या उताऱ्याबद्दल सांगते.

तो उतारा म्हणजे, शहरातल्या जागांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिटी सर्व्हे ऑफिसात मिळणारी, जागेची मिळकत पत्रिका. लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. जागा संस्थेकडे कशी आली हे त्यावरून कळतं. विकत घेतली, कुणी दान दिली, की सरकारने शिक्षणासाठी म्हणून सवलतीत दिली? सरकारने दिली असेल तर सोबत अटी असतात. ज्या कामासाठी दिली ते काम सोडून दुसरंच केलं तर तो शर्तभंग ठरतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. जागा संस्थेच्या मालकीची असली तरी संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असल्यामुळे तिला ती परस्पर विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते. आणि अनुदानित असो की विनाअनुदानित, संलग्न कॉलेज बंद करायचं म्हटलं तर सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार शासनाची पूर्वपरवानगी लागते.

हे सगळं तुमच्या मुलीने वयाच्या विसाव्या वर्षी स्वतः शोधून काढलं. तुम्हीच लिहिलंय की “सरकारने शिक्षणासाठी दिलेली जागा” ही नोंद त्या उताऱ्यावर होती आणि लक्षवेधी त्याच नोंदीवर उभी राहिली. मोर्च्याला पाचशे मुलं आली याचं मला कौतुक आहे. पण सभागृहात मंत्री उत्तर द्यायला उभे राहतात तेव्हा त्यांच्यासमोर कागद असावा लागतो. तो कागद तिने आणला. गेली बावीस वर्षं मी मुलांना मार्गदर्शन करतेय. एम.ए. झालेली कितीतरी मुलं अशी पाहिलीत की तलाठ्याकडे काय मिळतं आणि सिटी सर्व्हेत काय मिळतं हे त्यांना सांगता येत नाही.

त्यामुळे “राजकारणात मुलीचं काय होणार?” या तुमच्या प्रश्नाआधी मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. ती त्या ऑफिसात नक्की काय करते? एके दिवशी शांतपणे तिला विचारा. निवेदनाचा मसुदा कोण लिहितं? धर्मादाय रुग्णालयात खाट मिळवून द्यायची असेल तर फोन कोण करतं, नियम कुणाला माहीत आहेत? या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे ज्या माणसाला तोंडपाठ असतं त्याचं ऐकलं जातं. आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून एखादं काम सुचवायचं तर प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात कसा जातो, हे तिने पाहिलंय का? ही कामं ती करत असेल तर तिचं उत्तम शिक्षण चाललंय. पण वाढदिवसाचे फलक, सभेतल्या खुर्च्या आणि फेसबुकवरचे फोटो यांतच तिच्या संध्याकाळी जात असतील, तर तिथे थांबण्यात अर्थ नाही, आमदार कितीही सज्जन असोत.

आमदारांविषयी तुम्ही चांगलं लिहिलंय आणि मला ते खरं वाटतं. दाखले, रेशनकार्ड, टँकर, आरटीईचे प्रवेश यासाठी रोज दारात रांग लागते, आणि ते स्वतः बसतात म्हणता. असं काम करणारी माणसं आहेत म्हणून कित्येक घरं तगून राहतात. तरी एक गोष्ट मुलीच्या ध्यानात यायला हवी. कॉलेज वाचवणं एकट्या आमदाराच्या हातात नसतं. ते प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी देऊ शकतात, मंत्र्यांकडे बैठक लावू शकतात. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) विधानसभेचे दोन आणि विधान परिषदेचे एक सदस्य असतात, तिथेही विषय नेता येतो. पण मंजुरी द्यायची की नाकारायची ते धर्मादाय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि शासन ठरवतं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाचं पुढे काय झालं हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. त्या आश्वासनाचा पाठपुरावा आता कोण करतंय? लक्षवेधीची बातमी छापून आली की बहुतेक मोहिमा तिथेच थंडावतात आणि दीड-दोन वर्षांनी जागेला कुंपण पडतं.

पुण्याला हे नवं नाही. 1821 मध्ये सुरू झालेलं आपलं डेक्कन कॉलेज 1934 साली सरकारने बंद केलं. येरवड्याची ती दगडी इमारत सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीच्या आधाराने उभी राहिली होती. माजी विद्यार्थी संघ कोर्टात गेला, वर्षानुवर्षं झगडला, आणि 1939 मध्ये कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे रुजू झाले ते त्याच वर्षी. पाच वर्षं कुलूप लागलेल्या कॉलेजातून पुढे एवढं काम उभं राहिलं, कारण काही माणसांनी कागद सोडले नाहीत. मुलीला एकदा तिथे घेऊन जा. आवार पाहण्यासारखं आहे.

आता व्यवहाराचं. पूर्णवेळ नोकरी तिने आत्ता घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पगार कमी आहे म्हणून नव्हे. आमदारकी पाच वर्षांची असते. निवडणूक हरली, पक्ष बदलला, तिकीट कापलं की कार्यालयाला कुलूप लागतं आणि तिथल्या मुलांच्या हातात अनुभवाचं साधं पत्रही नसतं. माझ्याकडे असा एक मुलगा येऊन गेला. आठ वर्षं एका लोकप्रतिनिधीकडे राबला, पदवीचं शेवटचं वर्ष राहून गेलं. अडल्यानडल्याचं सगळं काम त्याला यायचं, पण अर्जात लिहायला काही नव्हतं. तिशीत त्याने पुन्हा परीक्षा दिली, तेव्हा कुठे मार्गी लागला. तुमच्या मुलीवर ती पाळी यायला नको. आधी 75 टक्के हजेरी आणि शेवटची परीक्षा. यात सूट नाही, हे तिला माझ्या नावाने सांगा. आमदारांनाही तिने स्वतः सांगावं की परीक्षेपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी येईन. ते खरोखर तिचं भलं चिंतत असतील तर हो म्हणतील. नाही म्हणाले तर तेही कळलेलं बरं.

पदवीनंतर काय? बँकेची परीक्षा वाईट नाही, पण तुमच्या पत्रातली मुलगी मला त्या खुर्चीत दिसत नाही. मी तिला तीन वर्षांची एलएल.बी. सुचवेन. जमीन, न्यास, विद्यापीठ कायदा, यात तिला गोडी आहे हे तिने दाखवलंच आहे. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो, तेव्हा वेळापत्रकावर आत्तापासून लक्ष ठेवा. फीची चिंता तुम्ही लिहिलीय, म्हणून हे नीट वाचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून शासन भरतं. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्यावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर ही सवलत जाते. उत्पन्नाचा दाखला आणि लागतील ती प्रमाणपत्रं आत्ताच काढून ठेवा. दुसऱ्यांचे अर्ज भरणाऱ्या मुलीला हे शिकवायला नको, पण स्वतःच्या घरचं काम माणूस नेमकं मागे टाकतो.

कायदा नको असेल तर गोखले इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठातला राज्यशास्त्राचा विभाग आहे. पदव्युत्तरला गेली तर नागपूरच्या अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या राज्य शाखेचा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग भरतो, त्यासाठी विभागप्रमुखांकडे नाव द्यावं. सभागृह आतून पाहायला मिळतं. एखाद्या वर्षाचा कामाचा अनुभव गाठीला बांधून 26 वर्षं पूर्ण व्हायच्या आत मुख्यमंत्री फेलोशिपला (तरुणांना सरकारी कामाचा अनुभव देणाऱ्या राज्य शासनाच्या उपक्रमाला) अर्ज करता येतो. जाहिरात दरवेळी नीट वाचावी लागते, अटी बदलतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता लेखी उत्तरांची झालीय. मुद्देसूद लिहिणाऱ्या मुलीने तिला घाबरायचं कारण नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण मला इथे येते ती वेगळ्या कारणाने. फर्ग्युसनमध्ये शिकवणारा हा माणूस 1902 मध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला आणि सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. त्यामागे न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं केलेली मेहनत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेचं त्रैमासिक, सरकारी अहवाल, तक्ते. पुण्याच्या सार्वजनिक कामाची ही जुनी रीत आहे आणि तुमची मुलगी नकळत त्याच वाटेवर आहे.

मुलगी म्हणून जी काळजी तुम्हाला वाटते ती मी हसण्यावारी नेणार नाही. काही गोष्टी घरात ठरवून घ्या. रात्री आठनंतर कार्यालयात थांबायचं नाही, दौऱ्याला एकटीने जायचं नाही. कोऱ्या कागदावर सही नाही. कुणाच्या कामाचे पैसे, “चहापाण्याचे” म्हणूनसुद्धा, हातात घ्यायचे नाहीत. आणि आंदोलनात पोलीस परवानगी आहे का हे तिने आधी स्वतः पाहावं. जमावबंदीचा आदेश मोडल्याचा गुन्हा नावावर लागला तर पुढे सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी प्रत्येक ठिकाणी खुलासे द्यावे लागतात. पुढारी सुटतात, पोरं तारखांना जातात. असं होताना मी पाहिलंय आणि त्याचा मला अजून राग येतो.

तुम्ही शेवटी विचारलंय, “तिला थांबवू का?” थांबवू नका, ताई. तुम्ही थांबवलंत तर ती चोरून जाईल आणि मग तुम्हाला काही सांगणार नाही. त्यापेक्षा एका संध्याकाळी तुम्हीच त्या कार्यालयात जाऊन बसा. आजींच्या पेन्शनचं पुढे काय झालं ते विचारायचं निमित्त आहेच. मुलगी लोकांशी कशी बोलते, लोक तिच्याशी कसे बोलतात, आमदार तिला काय म्हणून हाक मारतात, तासाभरात तुम्हाला माझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल.

परीक्षा झाली की तिला घेऊन माझ्याकडे या. येताना तो उतारा आणायला सांगा. मूळ प्रत घरीच ठेवा, झेरॉक्स चालेल.

तुमची,
करिअर समुपदेशक, पुणे